वाचकांचे प्रश्न : सांबऱ्याची विमानं येतात कुठनं आणि जातात कुठं?

गेल्या अंकात बेळगाव-बेंगळुरू वंदे भारतबद्दल एका पत्राला उत्तर देताना सांबऱ्याच्या, म्हणजे आपल्या बेळगावच्या, विमानतळाचा उल्लेख मी "मरत मरत जगणारं" असा केला होता. त्यावर जी पत्रं आली ती बघून संपादक म्हणाले की आता हा अंक त्यालाच देऊन टाका. काही पत्रं रागाची आहेत, काही लईच प्रेमाची, एकानं तर मला थेट हुबळीचा एजंट ठरवलंय. असो. पत्रं थोडी कापून देतोय, उत्तरं मात्र कापली नाहीत.

आमचे आजोबा सांगायचे की सांबऱ्याचं विमानतळ इंग्रजांनी लढाईसाठी बांधलं. पण लढाई तर तिकडं ब्रह्मदेशात चालली होती, मग बेळगावात धावपट्टी कशाला घातली? आणि आपल्यासारख्यांना बसायला विमान कधी मिळालं?
— एक वाचक, बसवण कुडची

आजोबा बरोबर सांगायचे. 1942 ला ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सनं हे बांधलं. आता ते वर्ष कुठलं ते बघा म्हणजे कशाला ते कळतं. फेब्रुवारीत सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून गेलं, एप्रिलमध्ये जपान्यांनी कोलंबोवर बॉम्ब टाकले आणि त्याच आठवड्यात विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावरही टाकले, म्हणजे पूर्व किनारा उघडा पडला होता, आणि मग इंग्रजांना घाईघाईनं दख्खनच्या पठारावर आत आत जागा पाहिजे होत्या जिथं शत्रूचं विमान सहज पोचणार नाही आणि पोरांना शांतपणे ट्रेनिंग देता येईल. बेळगावात कॅम्प आधीपासून होता, रेल्वे होती, हवा चांगली. शहराच्या पश्चिमेला खानापूर-जांबोटीकडं गेलात तर घाटाचा पाऊस आणि जंगल, पूर्वेला मात्र सांबरा, मुतगे, बाळेकुंद्रीकडं सपाट माळ आणि पाऊसही कमी होत जातो. समुद्रसपाटीपासून साधारण अडीच हजार फूट उंची. ट्रेनिंगला अशी जागा शोधून सापडत नाही. पुढं साउथ ईस्ट एशिया कमांड, म्हणजे ब्रह्मदेशाकडची लढाई बघणारी दोस्त राष्ट्रांची कमांड, उभी राहिल्यावर तिच्यासाठीही ह्या तळाचा उपयोग झाला.

म्हणजे एक गोष्ट लक्षात घ्या, हे विमानतळ बेळगावच्या व्यापाऱ्याला मुंबईला जायचंय म्हणून कुणी बांधलं नाही. पट्टी आधी आली, पॅसेंजर नंतर. कोल्हापूरचं तसं नाही, उजळाईवाडीचं विमानतळ संस्थानाचं, राजाराम महाराजांच्या काळात झालं, राजाला पाहिजे होतं म्हणून झालं. आपल्याकडं लढाई संपली, इंग्रज गेले, हवाई दलाचं एअरमन ट्रेनिंग स्कूल मात्र आजही आहे, हल्ली अग्निवीरवायूंची पासिंग आउट परेड होते ती तिथंच. आणि त्या पट्टीचा सिव्हिल वापर करू म्हणून कधी ही कंपनी आली, कधी ती आली.

लहान गावांना विमान द्यायचा देशातला पहिला मोठा सरकारी प्रयोग म्हणजे 1981 ची वायुदूत. छोटी डॉर्निअर विमानं, एकोणीस सीटची. तोटा एवढा झाला की 1993 ला ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करून टाकली. हे नाव लक्षात ठेवा, उडान ह्या लहान गावांच्या विमानांच्या सरकारी योजनेबद्दल बोलताना परत येणार आहे.

नंतर प्रायव्हेटचा जमाना. किंगफिशर बेळगावला यायची, ती कंपनीच 2012 ला जमिनीवर आली. मग स्पाइसजेटची ती पंख्याची क्यू-400 विमानं आली, अठ्ठ्याहत्तर सीटची, आणि मला वाटतं बेळगावच्या मध्यमवर्गाला विमानाची खरी सवय लागली ती तेव्हा. कॅम्पातल्या, टिळकवाडीतल्या घरात आईवडील पहिल्यांदा विमानात बसले ते बेंगळुरूच्या आयटीतल्या पोरामुळं आणि ह्याच विमानामुळं. कुंद्याचे बॉक्स हँडबॅगेजमध्ये, ते स्कॅनरवर गेल्यावर सिक्युरिटीवाल्यानं न विचारता हसायचं, हे बघितलेले लोक आहेत आपल्यात.

तेव्हा पट्टी होती 1830 मीटर. त्यावर एटीआर, क्यू-400 अशी पंख्याची लहान विमानं उतरतात, एअरबस-बोइंगचं काम नाही. म्हणून 2300 मीटरपर्यंत वाढवली, जमीन घेतली, 2017 ला नवीन टर्मिनल झालं, तीनशे पॅसेंजर मावतील असं. सगळे खूश. आणि 2018 च्या मे महिन्यात स्पाइसजेट उठून हुबळीला गेली!

माझे वडील 1961 ला हायस्कूलात होते. गोवा मुक्तीच्या वेळी सांबऱ्यावरनं फायटर विमानं उडाली आणि आवाजानं घराची कौलं हलली म्हणून सांगतात. खरं काय?
— एक वाचिका, शहापूर

ताई, कौलांचं मी सांगू शकत नाही, विमानांचं खरं आहे. 18 डिसेंबर 1961 च्या सकाळी हवाई दलाच्या 17 नंबर स्क्वाड्रनची सहा हंटर विमानं सांबऱ्यावरनं उडाली आणि त्यांनी गोव्यातल्या बांबोळीचं वायरलेस स्टेशन रॉकेट आणि तोफांनी मारलं, पोर्तुगीजांचा बाहेरच्या जगाशी बोलायचा रस्ता तोडायला. गोव्याच्या दाबोळी विमानतळाच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले ती कॅनबेरा बॉम्बर विमानं, ती पुण्याहून आली होती. हे दोन्ही लोक एकत्र करून सांगतात आणि मग बेळगावनंच दाबोळी फोडली असा इतिहास तयार होतो. नाही. आपल्याकडं बांबोळी.

गंमत म्हणजे दाबोळीची पट्टी फुटली तरी त्या रात्री पोर्तुगीजांची दोन मोठी विमानं उरलेल्या तुकड्यावरनं अंधारात उडाली आणि कराचीला पोचली. टर्मिनल मुद्दाम सोडलं होतं, पुढं आपल्यालाच वापरायचंय म्हणून. सैन्याची 63 ब्रिगेड अनमोडच्या बाजूनं उतरली, म्हणजे आपण आज मासे खायला ज्या रस्त्यानं जातो तोच टापू. छत्तीस तासांच्या आसपास सगळं आटोपलं.

सांबऱ्याच्या दृष्टीनं बघितलं तर मला हा त्याचा सगळ्यात मोठा दिवस वाटतो आणि तोही पॅसेंजरचा नाही. गोवा घेतला आणि दाबोळी आपल्याकडं आली, पुढं तिथं टुरिस्टांची विमानं भरभरून उतरायला लागली, आणि आता 2023 च्या जानेवारीपासून मोपाचं दुसरं विमानतळही सुरू आहे. ज्या गोव्यासाठी इथनं विमानं उडाली त्याच गोव्याला आता बेळगावची माणसं चोर्ला घाटानं गाडी घालून विमान पकडायला जातात.

मी सुरतला कापडाच्या खरेदीला जातो. सांबऱ्याहून सुरतचं विमान सुरू झालं तेव्हा आमच्या लाइनीतले सगळे त्यानंच जायला लागले होते, मी बसलो तेव्हा जवळजवळ फुल असायचं. फुल जाणारं विमान बंद करतात हे कुठलं लॉजिक? हुबळीच्या पुढाऱ्यांनी पळवलं असं सगळे बोलायलेत.
— एक व्यापारी, खडेबाजार, बेळगाव

शेठ, पुढाऱ्यांचं प्रेशर असतं, नाही असं मी म्हणत नाही. पण सगळं त्यांच्या नावावर घातलं की खरं कारण बघायचं राहून जातं, आणि खरं कारण जास्त वाईट आहे.

उडान कशी चालायची ते आधी. योजना 2016 च्या शेवटी जाहीर झाली, पहिलं विमान एप्रिल 2017 ला सिमला-दिल्ली. कंपनीनं एखादा लहान रूट बोलीत घेतला की तिला त्या रूटवर तीन वर्षं दुसऱ्या कुणाची कॉम्पिटिशन नाही. साधारण अर्ध्या सीट स्वस्त दरानं विकायच्या, तासाभराच्या प्रवासाला अडीच हजाराच्या आसपास असा तो दर ठरलेला होता, आणि त्यात जो तोटा येईल तो सरकार भरून देणार, ऐंशी टक्के केंद्राकडनं, वीस टक्के राज्याकडनं. शिवाय लँडिंग चार्ज नाही, पार्किंग चार्ज नाही, विमानाच्या तेलावर राज्याचा टॅक्स एक टक्का. केंद्राचा पैसाही तिजोरीतनं नाही, मोठ्या रूटवरच्या विमानांवर लेव्ही बसवून गोळा केलेला, म्हणजे मुंबई-दिल्लीवाला तुमच्या सुरतच्या तिकिटाला हातभार लावत होता.

2019 ला उडानच्या तिसऱ्या फेरीत बेळगावला एकदम डझनभर रूट मिळाले. अहमदाबाद, इंदूर, सुरत, नाशिक, जोधपूर, म्हैसूर, कडप्पा, पुणे, हैदराबाद. कडप्पाला बेळगावहून कोण जाणार असं तेव्हाच लोक विचारत होते. स्टार एअरची पन्नास सीटची एम्ब्रेअर जेट, ट्रूजेटची एटीआर. त्या दोन-तीन वर्षांत सांबऱ्याला बोर्डावर जेवढी गावं दिसली तेवढी आधी कधी दिसली नव्हती, आणि कोविडमध्येसुद्धा आपलं बरं चाललं होतं.

आता तीन वर्षं संपली की काय होतं? भरून देणं बंद. स्वस्त सीटचं बंधन जातं पण तेलाचा टॅक्स आणि चार्ज यांचं गणित बदलतं, तिकीट वर चढतं, आणि साडेतीन हजाराला फुल जाणारं विमान सात हजाराला फुल जात नाही. तुम्ही जे फुल विमान बघितलं ते अर्ध्या सीटवर सरकारनं पैसे घातलेलं फुल होतं. वायुदूतमध्ये तोटा सरकारी कंपनीच्या पोटात जायचा, इथं तो तीन वर्षांपुरता वाटून घेतला, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही ती अशी, की विमान एका रूटचं नसतं. सकाळी बेंगळुरूहून निघतं, बेळगाव, तिथनं सुरत, तिथनं आणि कुठंतरी, परत बेळगाव, परत बेंगळुरू, असं दिवसभर गोल फिरतं, आणि विमान जमिनीवर उभं राहिलं तरी भाड्याचा मीटर चालूच असतो कारण बऱ्याच कंपन्यांची विमानं लीजवर असतात. त्या गोलातला एक तुकडा रिकामा जायला लागला की कंपनी तुकडा नाही, आख्खा गोल बदलते. तुमचं बेळगाव-सुरत भरलेलं असेल हो, पण पुढचं कुठलं तरी दोन गावांमधलं ओस असेल. तुमच्या हातात त्यातलं काहीच नाही. लहान कंपन्यांकडं विमानंच मोजकी, एक बिघडून हँगरला गेलं की आठवड्याचं टाइमटेबल कोसळतं. ट्रूजेट 2022 ला बंदच पडली, त्याबरोबर कडप्पा आणि म्हैसूर गेलं, त्यात हुबळीच्या कुठल्या पुढाऱ्याचा हात असणार?

मुंबईचं दुखणं वेगळं. मुंबईला विमान उतरवायला जागा, म्हणजे स्लॉट, मिळणं महाकठीण. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशा वेळेचा स्लॉट लहान विमानाला कोण देतो? मग दुपारी दीड-दोनचं कायतरी मिळतं, आणि मुंबईत एका दिवसाच्या कामाला जाणारा माणूस म्हणतो, त्यापेक्षा रात्रीची स्लीपर बरी, झोपून गेलं की पहाटे सायन. आषाढात तर ढग एवढे खाली येतात की विमान वर घिरट्या घालून हुबळीला नाहीतर बेंगळुरूला परत जातं, आणि एकदा असं झालं की तो पॅसेंजर पुढच्या वेळी बसनंच जातो.

आणि सगळ्यात मोठं कारण नकाशात आहे. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत हुबळी, कोल्हापूर, आणि गोव्याची दोन. एवढ्याशा टापूत पाच विमानतळ! प्रत्येक ठिकाणचा माणूस आपलंच खरं म्हणतो. पॅसेंजर तेवढेच, ते पाच वाट्यांत वाटले जातात. निपाणी-चिकोडीचा कोल्हापूरला, धारवाड-कित्तूरचा हुबळीला, खानापूरचा गोव्याला, मग सांबऱ्याला उरतं काय तर शहर, गोकाक आणि आसपास. त्यात 2024 ला पुणे-हुबळी वंदे भारत बेळगाववरनं सुरू झाली आणि 10 ऑगस्ट 2025 ला बेंगळुरूची. हे मी गेल्या अंकात लिहिलं म्हणून हुबळीचा एजंट झालो!

हे विमानतळ दिल्लीवाल्यांच्या ताब्यात आहे म्हणून असं होतंय. अमेरिकेत म्हणे गावोगावच्या म्युनिसिपालिटी स्वतः विमानतळ चालवतात. आपल्या महानगरपालिकेकडं सांबरा दिलं तर लोकांचा कंट्रोल राहील असं मला वाटतं. तुमचं मत सांगा.
— एक निवृत्त प्राध्यापक, हिंदवाडी

सर, प्रश्न आवडला, पण उत्तर तुम्हाला आवडेल असं वाटत नाही.

आधी आपल्याकडचं. घटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्राच्या यादीत 29 नंबरला विमानसेवा आणि विमानतळांची तरतूद आहे, म्हणजे विषयच दिल्लीचा. 1 एप्रिल 1995 पासून केंद्राची एअरपोर्ट अथॉरिटी आहे, सांबरा तिच्याकडं. राज्य सरकारनं विमानतळ चालवायला बंदी नाही, शिर्डीचं महाराष्ट्राच्या कंपनीकडं आहे, आणि आपल्याच राज्यात शिवमोग्गा, 2023 ला उघडलेलं, कर्नाटक सरकार स्वतः चालवतंय. महापालिकेनं चालवायचं म्हटलं तर अग्निशमन, सिक्युरिटी, पट्टीवरचा रबर काढणं, रात्रीचे दिवे, पक्षी हाकलणं, ह्या सगळ्याचा खर्च विमान दिवसाला एक आलं काय आणि वीस आली काय, तेवढाच. घरपट्टीतनं तो काढायचा का?

आता अमेरिकेचं. तिकडं खरंच हजारो विमानतळ गावांच्या नाहीतर काउंटींच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यांच्या, मालकीचे आहेत. पण लोकांचा कंट्रोल म्हणजे काय होतं त्याचं एक उदाहरण सांगतो. शिकागो शहरात, तळ्याच्या काठाला लागून, डाउनटाउनच्या अगदी उंबऱ्यावर मेग्ज फील्ड नावाचं महापालिकेचं विमानतळ होतं. 1948 च्या डिसेंबरमध्ये उघडलं, एकच पट्टी, 3900 फूट, मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटर गेममध्ये वर्षानुवर्षं सुरुवात तिथनंच व्हायची म्हणून जगभरच्या पोरांना ते ठाऊक. व्यापारी, वकील, आमदार लहान विमानानं यायचे आणि चालत ऑफिसला जायचे. महापौर रिचर्ड डेली यांना मात्र तिथं बाग पाहिजे होती. 1996 ला जागेची लीज संपली तेव्हा त्यांनी ते बंद केलंच होतं, ओरड झाली, पुढच्या वर्षी परत उघडलं. मग 30 मार्च 2003 च्या रात्री, रविवारची रात्र, पोलिसांच्या बंदोबस्तात बुलडोझर आत घातले आणि पट्टीच्या मधोमध मोठमोठे एक्स खोदून ठेवले. सकाळी लोक बघतात तर धावपट्टी संपलेली! आत सोळा विमानं अडकलेली, ती नंतर बाजूच्या टॅक्सीवेवरनं, म्हणजे विमान पट्टीपर्यंत न्यायच्या रस्त्यावरनं, कशीबशी उडवून बाहेर काढली. नोटीस नाही, मीटिंग नाही. कारण दिलं दहशतवादाचं. दंड किती झाला तर 33,000 डॉलर, आणि केंद्राच्या निधीतले दहा लाख डॉलर परत करावे लागले. आज तिथं बाग आहे, गाण्याचे कार्यक्रम होतात, आणि खरं सांगायचं तर शिकागोतले बरेच लोक खूश आहेत.

दुसरं सांता मोनिका, लॉस एंजलिसच्या शेजारी. तिथं डग्लस कंपनीचा कारखाना होता आणि 1935 ला डीसी-3 पहिल्यांदा उडालं ते तिथनंच. ते विमान म्हणजे आपला डकोटा, ब्रह्मदेशाच्या लढाईत सामान वाहून ज्यानं कंबर मोडून घेतली तो. एवढा इतिहास, पण आजूबाजूला घरं झाली, जेटचा आवाज आणि धूर लोकांना नको झाला, आणि नगरपालिका स्वतःच आपल्या विमानतळाच्या विरोधात कोर्टात भांडत बसली. शेवटी 2017 ला केंद्राशी तडजोड झाली, पट्टी जवळजवळ पाच हजार फुटांवरनं साडेतीन हजारावर आणली, आणि 31 डिसेंबर 2028 नंतर बंद करायची मोकळीक.

तिकडं एक अट असते, केंद्राचा विकासनिधी घेतला की साधारण वीस वर्षं विमानतळ चालू ठेवायचंच. म्हणजे बघा सर, गावाच्या हातातलं विमानतळ गावापासून वाचवलं ते दिल्लीसारख्याच कुणीतरी लांबच्यानं. महापालिकेला जमिनीचा भाव दिसतो, मतदाराला आवाज ऐकू येतो, आणि वर्षाला दोनदा विमानात बसणारा माणूस मोर्चाला येत नाही. सांबऱ्याची जागा उद्या महापालिकेच्या नावावर झाली तर पंधरा वर्षांत तिथं लेआउट पडतील असं माझं मत आहे. तुमचं वेगळं असेल तर लिहा, छापू.

निपाणीकरानं कुठं जावं, कोल्हापूर का बेळगाव?
— एक वाचक, निपाणी

कोल्हापूर. अंतर निम्मं आहे, विचारता कशाला. तिकीट बघून ठरवा, अभिमान बघून नको.

आम्ही बिदरचे मराठी, तुमचं मासिक इकडं उशिरा येतं तरी वाचतो. आमच्याकडं विमान सुरू होतं, बंद होतं, परत सुरू होतं. बेळगावला आता आणखी मोठं नवीन टर्मिनल होणार म्हणे, तुमचं तरी नशीब उघडलं!
— एक शिक्षक, बिदर

गुरुजी, बिदरचं तर आमच्यापेक्षा नाजूक. हवाई दलाचा तळ, त्यात सिव्हिलसाठी एक कोपरा, फेब्रुवारी 2020 ला ट्रूजेटनं सुरुवात केली, पुढं महिनाभरात कोविड, मग ट्रूजेटच गेली, स्टार एअर आली, ती थांबली, 2025 ला परत. एका वेळी एकच कंपनी आणि एकच रूट असला की असंच होणार.

आमच्या नवीन टर्मिनलची पायाभरणी 10 मार्च 2024 ला झाली, पंतप्रधानांच्या हस्ते, ऑनलाइन. त्याच कार्यक्रमात हुबळीची आणि कडप्पाचीही झाली, आणि कोल्हापूरच्या नव्या टर्मिनलचं तर उद्घाटनच, म्हणजे शेजाऱ्यांना सगळ्यांना सारखं वाटलंय. हॉल बांधला म्हणून लग्न ठरत नाही. 2017 ला इमारत आली आणि वर्षाच्या आत विमान गेलं हे आम्ही बघितलंय. इमारत एअरपोर्ट अथॉरिटी बांधते, विमान कंपनी आणते, दोघांचे हिशेब वेगळे.

मला विचाराल तर इमारतीपेक्षा एक साधी गोष्ट बघावी, रात्री एखादं विमान सांबऱ्याला मुक्कामाला थांबतं का. थांबलं तर सकाळी सहा-सातला बेंगळुरूकडं उडणार, माणूस दहाला ऑफिसात, रात्री परत घरी. वंदे भारत सकाळी निघून दुपारी पोचवते, तिथं विमान जिंकू शकतं. मुक्कामाचं विमान नसेल तर ते दुपारी येणार, दुपारी जाणार, आणि त्याला कोण बसणार? व्यापाऱ्यांच्या चेंबरवाल्यांनी, खासदारांनी दहा नव्या गावांची यादी मागण्यापेक्षा हे एक मागावं. सोलापूरकरांनी बघा, होटगी रोडच्या पट्टीसाठी साखर कारखान्याच्या चिमणीचा वाद वर्षानुवर्षं चालला, 2023 ला चिमणी पाडली, 2025 च्या जूनमध्ये विमान उडालं, गोव्याला. ते किती टिकतं ते आपण बघूच.

सांबऱ्याच्या आमच्या शेतावरनं दिवसभर लहान लहान विमानं घिरट्या घालतात, त्यात तिकीट काढून बसता येतं का? पोरगं हट्ट धरून बसलंय.
— एक शेतकरी, होनिहाळजवळ

दादा, ती शिकाऊ पायलटांची विमानं. 2021 ला एअरपोर्ट अथॉरिटीनं देशात पाच ठिकाणी फ्लाइंग स्कूलला जागा दिल्या, बेळगाव, कलबुर्गी, जळगाव, खजुराहो आणि लीलाबारी. 2023 च्या मे महिन्यात त्यातलंच एक विमान तुमच्या होनिहाळच्या शेतात उतरवावं लागलं होतं, तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत. तिकीट काढून बसता येत नाही. पण पट्टीवर आज दिवसभर जी काय हालचाल दिसते त्यातली बरीच ह्या पोरांची आहे, 1942 ला जे काम होतं तेच परत आलंय म्हणायचं.

पोराला बसायचंच असेल तर चालवायलाच शिकू दे की! बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स पाहिजे, कमर्शियल लायसन्सला दोनशे तास उडावं लागतं, आणि खर्च काही लाखांत नाही, पुष्कळ लाखांत जातो. त्यामुळं बँकेत लोनला जायच्या आधी पोराची मेडिकल करून घ्या, आधी क्लास टू आणि मग क्लास वन. डोळ्याचं, कानाचं काही निघालं तर ते फी भरायच्या आधी कळलेलं बरं.